दिव्याखालची शेवंती

रात्रीची जेवणे उरकून, भांडी पालथी घालून, घरातील माणसे निजल्यावर पुस्तक उघडणारे विद्यार्थी तुमच्यात बहुसंख्य असतील. मीही त्यांतलीच एक होते. म्हणूनच एका हिवाळ्याची हकिकत तुम्हाला सांगावीशी वाटते. त्या हिवाळ्यात मी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाचा अभ्यास करीत होते आणि आमच्या अंगणातील शेवंती फुलली नव्हती. या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध असेल, अशी पुसटशी शंकाही मला त्या वेळी आली नाही.

आमचे घर सोयगावात. अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या उत्तर पायथ्याशी वसलेले हे तालुक्याचे गाव. पाठीशी वेताळवाडीचा किल्ला आणि हळदा घाट. घाट चढून गेले की मराठवाड्याचे पठार लागते आणि तोंड फिरवले की समोर खानदेशाची सखल जमीन पसरलेली दिसते. जगभरातून माणसे जी अजिंठ्याची लेणी पाहायला येतात, ती याच तालुक्यात, फर्दापूरजवळ आहेत. आम्हा गावकऱ्यांचे वर्ष मात्र कापसाच्या वेचणीवरून मोजले जाते.

तुमच्यापैकी जे मराठवाड्यात किंवा खानदेशात राहतात, त्यांना हे सांगावे लागणार नाही की, आमच्याकडे झाडांची खरी परीक्षा उन्हाळ्यात होते. पारा चाळीस अंशांच्या पुढे गेला की अंगणात तुळस जगवणे हेही काम होऊन बसते. हिवाळा हा त्या मानाने मोठा दयाळू ऋतू. पाऊस ओसरल्यावर जमिनीत ओल असते, उन्हाला धार नसते, पहाटे दव पडते. दसऱ्याचा झेंडू, कुंपणाची कोरांटी, परसातील अबोली आणि या सर्वांच्या मागून येऊन सर्वांत अधिक काळ टिकणारी शेवंती, असा हा आमच्या अंगणांचा क्रम. पुढे माघ-फाल्गुनात डोंगरउतारावर पळस आणि काटेसावर पेटतात, तेव्हा अंगणातील फुलांचे दिवस संपत आलेले असतात.

शेवंती आमच्या घरात आत्याबाईंची होती. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. खाद्यतेलाच्या पत्र्याच्या डब्यांना तळाशी खिळ्याने भोके पाडून त्यांनी सतरा डबे लावले होते. पिवळी बारीक शेवंती अधिक, पांढरी थोडी. फुले सरली की झाडे बुडापासून छाटायची, बुंध्याशी फुटलेल्या काश्या वैशाखात सोडवून नव्या मातीत लावायच्या, पावसाळ्याच्या तोंडाशी शेंडे खुडायचे म्हणजे फांद्या वाढतात, हे सारे त्या न बोलता करीत. मार्गशीर्षातल्या गुरुवारी गल्लीतील बायका घट मांडण्यासाठी त्यांच्याकडून फुले आणि वेण्या नेत. त्या व्यवहारात फार मोठी रक्कम होती असे नाही. पण ती त्यांची स्वतःची होती. मी पूर्वतयारीची परीक्षा उत्तीर्ण होऊन प्रथम वर्षाला नाव घातले, तेव्हा शुल्कात कमी पडलेले पैसे त्यांनी पदराची गाठ सोडून माझ्या हातावर ठेवले होते. कशाचे पैसे, हे मी विचारले नाही. विचारायची आवश्यकताही नव्हती.

आता दिव्याविषयी. हे २००७ साल. भारनियमनाचे दिवस ज्यांनी खेड्यात काढले आहेत, त्यांना त्यांची आठवण करून द्यायला नको. आमच्याकडे त्या वर्षी संध्याकाळी वीज जाई आणि रात्री दहाच्या सुमारास परत येई. मुलांचा अभ्यास कंदिलावर होई. माझा अभ्यास वीज आल्यावर सुरू होई. बसायचे कुठे, हा दुसरा प्रश्न. आतल्या खोलीत मुले आणि मामंजी निजलेले. दुसऱ्या खोलीत दिवाळीपासून वेचलेला कापूस छतापर्यंत भरलेला. त्या खोलीत दिवा लावायचा नाही, हा घरचा कडक नियम आणि तो योग्यच होता. उरली ओसरी. पोळा होऊन गेल्यावर मी ओसरीच्या तुळईला शंभर वॅटचा पिवळा दिवा टांगला आणि त्याला पत्र्याची टोपी केली. प्रकाश आत निजलेल्यांच्या डोळ्यांवर जाऊ नये, म्हणून ती टोपी मी स्वतःच्या हाताने अंगणाच्या बाजूला वळवली. ओसरीच्या कडेने, दिव्यापासून हात-दीड हातावर, शेवंतीच्या डब्यांची ओळ होती.

रात्री दहा ते दीड, कधी दोन. अंगावर गोधडी, मांडीवर पाट, पाटावर वही. मराठी गद्याचा इतिहास, भाषाविज्ञान, आणि दर महिन्याला लिहून द्यावयाचे गृहपाठ. दिवसभर वेचणी करून आलेली बोटे कापसाच्या बोंडांनी ओरखडलेली असत आणि लेखणी धरताना चुरचुरत.

दिवाळी आली, गेली. शेवंतीला कळी नव्हती. झाडे मात्र अशी काही तरारली होती की, पाहणाऱ्याला दृष्ट लागावी असे वाटावे. हिरवीगार, उंच, पानांनी भरलेली. मी प्रथम खताला दोष दिला. शेणखत जास्त झाले असेल, झाड पाल्यावर गेले असेल. शेजारणीने नजर लागल्याचे निदान केले आणि मिरच्या ओवाळून टाकल्या. कोणी मावा पडला म्हणून राख फेकायला सांगितले, मावा नव्हताच. न्हाणीच्या कोपऱ्यातील पाच डबे तेवढे कळ्यांनी लगडले. सांडपाण्याच्या ओलीने ते फुलले असतील, असा मी तर्क केला आणि तेथेच थांबले. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीने खरे म्हणजे इतक्या लवकर थांबू नये.

मार्गशीर्षातील चारही गुरुवारी शेजारणी आल्या आणि रिकाम्या हाताने परत गेल्या. आत्याबाई त्यांना इतकेच म्हणत, ‘यंदा नाही बाई.’ आणि मग त्यांची दृष्टी वर, ओसरीच्या तुळईकडे जाई. मला ती दृष्टी दिसत असे. तिचा अर्थ मी लावला तो असा : विजेचे बिल वाढते आहे, सून रात्र-रात्र जागते, दिवसा कामात पेंगते, पस्तिशीनंतर हे शिक्षणाचे खूळ कशाला? त्या एकदाही तसे बोलल्या नाहीत. पण न बोलणाऱ्या माणसाच्या तोंडी आपण आपल्याच मनातील भीती घालतो, आणि ती भीती मी हिवाळाभर त्यांच्या तोंडून ऐकत राहिले. आमच्यातील बोलणे कमी झाले. ‘भाकरी झाली का’, ‘गुरांना पाणी दाखवलं का’, एवढ्यावर आले. घरात राहून शिकणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्याच्या वाट्याला येणारा हा एकाकीपणा तुमच्या परिचयाचा असेल.

त्याच सुमारास तालुक्याच्या वाचनालयातील एका जुन्या सचित्र पुस्तकात मी हेलेबोर नावाच्या फुलाचे चित्र पाहिले. चारी बाजूंना बर्फ, आणि त्या बर्फातून वर आलेले, किंचित मान झुकवलेले पांढरे फूल. युरोपातील आल्प्स पर्वताच्या परिसरात ते मुळात उगवते. नाताळाच्या सुमारास फुलते म्हणून त्याला तिकडे ख्रिसमसचा गुलाब म्हणतात. गुलाबाशी त्याचे काही नाते नाही. ते आपल्या मोरवेलीच्या कुळातले. त्याच्याच जातीची आणखी एक झाडे वसंताच्या आरंभी, ईस्टरपूर्वीच्या उपवासाच्या काळात, जांभळ्या-गुलाबी रंगात फुलतात. थंड देशांतील बागा त्या दिवसांत उजाड असतात. अशा वेळी मोठ्या झाडांच्या सावलीत राहून फुलणारे हे रोप तिथल्या माणसांना फार मोलाचे वाटते. झाड सर्वांगी विषारी आहे, आणि तरीही प्राचीन ग्रीक वैद्य ते वेडावर औषध म्हणून देत असत. चित्रातील पांढऱ्या पाकळ्या वास्तविक पाकळ्या नाहीत, ती फुलाची बाहेरची दले आहेत. म्हणून ती गळत नाहीत आणि महिनोन्‌महिने टिकतात, असेही त्या पुस्तकात होते. (शेवंतीचेही असेच आहे. जिला आपण एक पाकळी समजून मोजतो, ते एकेक स्वतंत्र फूलच असते; शेवंती म्हणजे शेकडो बारीक फुलांचा समूह.)

ते चित्र पाहून मला लाज वाटली, हे कबूल करते. तिकडे बर्फात फूल येते, आणि इथे दव, ऊन, ओल सारे अनुकूल असताना आपल्या दारात बारा डबे मुके उभे आहेत. माझ्या हातालाच काही दोष आहे, असे वाटले. माणूस थकलेला असला की त्याला कशातही स्वतःविरुद्धचा पुरावा सापडतो.

उलगडा झाला तो फेब्रुवारीत. थोरला मुलगा बारावीला, विज्ञान शाखेला होता. त्याची परीक्षा जवळ आलेली; तो माझ्या शेजारीच ओसरीवर वाचता-वाचता निजून गेला. त्याचे जीवशास्त्राचे पुस्तक उघडे होते. पुस्तक इंग्रजीत. मी कुतूहलाने शब्दकोश घेऊन एक उतारा लावू लागले. काही झाडे दिवस लहान झाले की फुलतात, काही दिवस मोठे झाले की, आणि काहींना दिवसाच्या लांबीचे काही वाटत नाही, असा त्याचा आशय होता. दिवस लहान झाल्यावर फुलणाऱ्या झाडांत एक लांबलचक नाव होते : क्रिसॅन्थेमम. मी मुलाला हलवून विचारले, हे काय रे? तो डोळे न उघडता म्हणाला, ‘शेवंती,’ आणि कुशीवर वळला.

त्यानंतर मी त्या विषयावर जे-जे मिळाले ते वाचले, ते थोडक्यात सांगते. अमेरिकेच्या कृषी विभागातील गार्नर आणि अलार्ड या दोघा संशोधकांना तंबाखूच्या एका वाणाने कोड्यात टाकले होते. तो उन्हाळ्यात शेतात नुसता उंच वाढत राही, फुलत नसे. त्यांनी ऊन, उष्णता, खत, पाणी या सर्व शक्यता तपासल्या. शेवटी कुंड्या दुपारीच अंधाऱ्या खोलीत नेऊन ठेवल्या, तेव्हा तंबाखू भर उन्हाळ्यात फुलली. झाड दिवसाची लांबी मोजते, हा निष्कर्ष त्यांनी १९२० साली प्रसिद्ध केला. या गुणधर्माला मराठीत दीप्तिकालिता म्हणतात. पुढे १९३८ साली हॅम्नर आणि बॉनर यांनी शंकेश्वरावर प्रयोग केले. शंकेश्वर तुम्ही पाहिलेला आहे. बांधावरून चालताना ज्याची काटेरी फळे लुगड्याला आणि धोतराला चिकटतात, तेच ते तण. त्यांना असे आढळले की, झाड खरे तर दिवस मोजत नाही, रात्र मोजते. आणि ती रात्र सलग असावी लागते. लांब रात्रीच्या मध्यावर क्षणभर दिवा लावला, तरी शंकेश्वराच्या हिशेबी ती रात्र मोडते आणि त्याला फूल येत नाही.

शेवंती इतकी नाजूक हिशेबाची नाही. तिची रात्र मोडायला काही तासांचा उजेड लागतो. शेवंतीची व्यापारी लागवड करणारे लोक याच गुणाचा उपयोग करतात. फुले उशिरा हवी असतील, तर रोपांवर मध्यरात्रीच्या सुमारास चार-एक तास दिवे लावतात. लवकर हवी असतील, तर संध्याकाळीच काळे कापड झाकतात. दिवे लावण्याची त्यांची नेहमीची वेळ वाचून माझ्या हातातील पेन्सिल थांबली. रात्री दहा ते दोन.

आमच्या अक्षांशावर जूनमधला सर्वांत मोठा दिवस १३ तासांहून थोडा अधिक असतो आणि डिसेंबरमधला सर्वांत लहान ११ तासांच्या जरा आत. फरक अवघा सव्वादोन-अडीच तासांचा. तेवढ्या फरकावरून शेवंतीला कळते की पावसाळा संपला, आता फुलायला हरकत नाही. तिच्या पानांना ते कळते, शेंड्याला नव्हे. मिखाईल चैलाख्यान या शास्त्रज्ञाने १९३० नंतरच्या दशकात शेवंतीवरच प्रयोग करून हे दाखवले. पाने अंधारात आणि शेंडा उजेडात ठेवला तरी फूल येते. पानांतून काहीतरी संदेश शेंड्याकडे जात असला पाहिजे, असे त्याने मांडले. तो संदेश नेमका कोणत्या प्रथिनाचा, हे भातासारख्या वनस्पतींवर काम करणाऱ्यांनी सिद्ध केले ते २००७ साली. म्हणजे ज्या वर्षी मी ओसरीवर दिवा टांगला, त्याच वर्षी. मध्ये सत्तर वर्षे गेली होती.

आमच्या बारा डब्यांना पोळ्यापासून एकही सलग रात्र मिळाली नव्हती. त्यांच्या लेखी अजून आषाढच चालू होता. म्हणून ती झाडे वाढत होती, तरारत होती आणि फुलायची वाट पाहत होती. दोष खताचा नव्हता, नजरेचा नव्हता, थंडीचाही नव्हता. हेलेबोरला थंडीचा काळ लागतो. शेवंतीला अंधार लागतो, आणि तो मी दररोज रात्री अभ्यासाला बसून हिरावून घेत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाई गोवऱ्या रचत होत्या. मी तिथे जाऊन उभी राहिले आणि जणू गुन्हा कबूल करावा तसे सांगून टाकले : शेवंती माझ्या दिव्यामुळे फुलली नाही.

त्यांनी हातातील गोवरी ठेवली. ‘मला ठावं व्हतं,’ त्या म्हणाल्या.

कधीपासून? तर दिवाळीच्या आधीपासून. त्यांच्या माहेरी देवळाच्या पारावर शेवंती होती. तिथे विजेचा खांब उभा राहिला, त्या वर्षापासून खांबाखालची झाडे मुकी झाली आणि पलीकडची फुलत राहिली. त्यांना गार्नर ठाऊक नव्हता आणि अलार्डही; पण त्यांनी जे पाहिले होते ते अचूक पाहिले होते. आणि मग माझ्या लक्षात आले की, न्हाणीच्या कोपऱ्यात पूर्वी तीनच डबे असत. पाच कसे झाले? दोन डबे त्यांनी स्वतः ओढत तिकडे नेले होते. मातीने भरलेला डबा काही हलका नसतो. तिसऱ्याला हात घातला आणि कंबर धरली. दिवाळीत त्या चार दिवस अंथरुणावर होत्या, ते मला आठवले. थंडीने अंग धरले असेल असे आम्ही सर्वांनी मानले होते.

‘मग मला का नाही सांगितलंत, आत्याबाई? मी हलवले असते की डबे.’

‘तू डबे नसते हलवले. दिवाच मालवला असता,’ त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने पुन्हा गोवऱ्या रचता-रचता म्हणाल्या, ‘अन् राग बी आला व्हता मला. न्हाई म्हणत न्हाई. बारा डबे म्हंजी काय थोडे झाले?’

हे शेवटचे वाक्य त्यांनी उच्चारले, याचे मला आजही बरे वाटते. ते त्यांनी गिळले असते, तर मी त्यांना देव्हाऱ्यात बसवून मोकळी झाले असते. त्यांना राग आला होता, त्यांचे नुकसान झाले होते, आणि तरी दिवा चालू राहावा असे त्यांनी ठरवले होते. तुळईकडे जाणारी ती दृष्टी यापैकी कशाची होती, हे मी त्यांना विचारले नाही. बहुधा दोन्हींची असावी.

त्या मार्चमध्ये एक अनपेक्षित गोष्ट घडली, ती नोंदवून ठेवते. मुलाची परीक्षा संपल्यावर मी आठ-दहा दिवस आईच्या आजारपणासाठी माहेरी गेले, आल्यावरही काही दिवस रात्री बसले नाही. रात्री तेव्हाही पुरेशा लांब होत्या. मार्च सरता-सरता बारा डब्यांपैकी काहींना कळ्या दिसू लागल्या. उन्हे तापली होती. फुले आली ती लहान, पातळ, कडेने करपलेली. वेणीत घालण्याजोगी एकही नव्हती. आत्याबाईंनी ती खुडून देवापुढे वाहिली आणि झाडे बुडापासून छाटली. मेमध्ये माझी परीक्षा झाली. भाषाविज्ञानात अपेक्षेपेक्षा कमी गुण पडले, पण उत्तीर्ण झाले.

पुढच्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी आणि मुलाने सतराही डबे न्हाणीमागे, गोठ्याच्या भिंतीआड नेले. तिथे दिव्याचा कवडसाही पोहोचत नाही. आत्याबाई ओसरीवर बसून कोणता डबा कुठे ठेवायचा ते सांगत होत्या, आणि आम्ही तो ठेवला की दुसरीकडे ठेवायला लावीत होत्या. त्या मार्गशीर्षात गल्लीला फुले पुरली.

आत्याबाईंना जाऊन आता बरीच वर्षे झाली. तेलाचे पत्र्याचे डबे हल्ली सहज मिळत नाहीत. मी रंगाच्या प्लास्टिकच्या बादल्या वापरते. शंभर वॅटचा तो पिवळा दिवाही गेला, ओसरीवर पांढरा एलईडी आला. गल्लीत मात्र रात्रभर जळणारा खांब उभा राहिला आहे, त्यामुळे गोठ्याच्या भिंतीआडची जागाही दर वर्षी जरा सरकवावी लागते. वैशाखात काश्या निघतात, त्या माझ्या गरजेपेक्षा नेहमीच अधिक असतात. संपर्कसत्रासाठी रविवारी अभ्यासकेंद्रावर जाताना मी त्या ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत घालते आणि मागेल त्याला देते. मातीत वाळू थोडी मिसळा, पाणी तुंबू देऊ नका, पावसाच्या तोंडाशी शेंडा खुडा, हे सर्व मी नंतर सांगते. काश्या हातात देण्यापूर्वी त्या विद्यार्थ्याला एकच गोष्ट विचारते : रात्री अभ्यासाला तुम्ही कुठे बसता?